उज्जैनचे शिंदे: पाटीलकी, सरंजाम आणि दत्तक

1416 साली पवित्र रोमन सम्राट सिगिस्मुंड आल्प्सच्या कुशीतल्या शाँबेरी या गावी आला आणि तिथल्या काउंटला, सॅव्हॉयच्या अमेदे आठव्याला, त्याने ड्यूक केले. एका सनदेने घराणे एक पायरी वर चढले. याच घराण्यातून 1720 मध्ये सार्डिनियाचे आणि 1861 मध्ये इटलीचे राजे निघाले. अमेदेचे स्वतःचे आयुष्यही विलक्षण होते. कारभार मुलाकडे देऊन तो सरोवरकाठच्या गढीत विरक्तासारखा राहू लागला, आणि 1439 मध्ये रोमच्या पोपशी भांडणाऱ्या धर्मसभेने त्यालाच प्रतिपोप म्हणून निवडले.

अशी चरित्रे वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडची सरदार घराणी आठवतात. त्यांत तुलनेला सर्वांत सोयीचे घराणे उज्जैनच्या शिंद्यांचे आहे. काळ तीन शतके अलीकडचा, पण मांडणी ओळखीची: स्वतःची फौज, स्वतःचा खजिना, स्वतःचा मुलूख आणि दूर कुठेतरी नावाचा धनी. फरक पडतो तो वारशात. शिंद्यांची वंशावळ कागदावर सरळ रेषेसारखी दिसते. प्रत्यक्षात ती ठिकठिकाणी तुटलेली आहे आणि तितक्याच वेळा, बहुधा घरातल्या एखाद्या विधवेच्या हातून, जोडलेली आहे.

कण्हेरखेडचे घर

शिंदे मूळचे कण्हेरखेडचे. हे गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आहे. गावची पाटीलकी त्यांच्याकडे होती. घराण्याचे मूळ नागवंशी सांगितले जाते आणि कुलदैवत कोल्हापूरजवळचा जोतिबा. वाडी रत्नागिरीचे आजचे मुख्य देऊळ 1730 च्या सुमारास राणोजी शिंद्यांनी बांधले, असे मानले जाते. राणोजींच्या एका मुलाचे नाव जोतिबा आणि एका नातवाचे केदारजी. केदारनाथ हे त्याच देवाचे दुसरे नाव, हे लक्षात घेतले की ही नावे कुठून आली ते वेगळे सांगावे लागत नाही.

राणोजींविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ते पेशव्यांचे जोडे सांभाळणारे हुजरे होते. एकदा वाट पाहता पाहता झोप लागली, पण जोडे छातीशी घट्ट धरलेले होते. ते पाहून धनी खूश झाले आणि भाग्य उघडले. माळव्यावर पुस्तक लिहिणाऱ्या जॉन माल्कमने ही गोष्ट इंग्रजी वाचकांपर्यंत नेली आणि मग ती पाठ्यपुस्तकासारखी पक्की झाली. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातून निघणारा अर्थ जपून घ्यावा. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना औरंगजेबाच्या छावणीतच त्यांची लग्ने झाली, आणि त्यांतली एक वधू कण्हेरखेडच्या शिंद्यांची होती. छत्रपतींची सोयरीक झालेले घर अगदीच अनाम असेल, हे पटत नाही. राणोजींची शाखा गरिबीत असेल. कूळ मात्र ओळखीचे होते.

वतन वेगळे, सरंजाम वेगळा

इथे थोडे थांबावे लागते, कारण शिंद्यांच्या पुढच्या सगळ्या भांडणांची किल्ली या दोन गोष्टींत आहे.

पाटीलकी हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाते, भावांत वाटले जाते, प्रसंगी विकलेही जाते. राजा बदलला, पेशवा रुसला तरी वतन सहजासहजी हलत नाही. सरंजामाचे तसे नाही. अमुक इतके स्वार बाळगावेत, हाक येईल तेव्हा हजर व्हावे, आणि त्याच्या खर्चासाठी अमुक परगण्यांचा वसूल घ्यावा, असा तो व्यवहार. सरदार वारला की सरंजाम तत्त्वतः सरकारचा. वारसाने नजराणा भरायचा, नवी सनद आणि वस्त्रे घ्यायची, मग पुढे चालायचे.

युरोपातल्या जहागिरीही सुरुवातीला अशाच होत्या. मात्र मध्ययुग सरेपर्यंत बहुतेक मोठ्या ड्यूकांनी त्या पक्क्या वंशपरंपरागत करून घेतल्या. थोरल्या मुलाला सगळे, मुलगा नसेल तर जवळच्या पुरुष भाऊबंदाला, असे नियम घट्ट झाले. मराठ्यांकडे सरंजाम वंशपरंपरेने चालत असे खरा, पण प्रत्येक पिढीला पुण्याच्या दारात उभे राहावे लागे. राणोजींचा मुलगा महादजी दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती आल्यावरही स्वतःला ‘पाटील’ म्हणवत राहिला आणि लोकही त्याला ‘पाटीलबावा’ म्हणत. याची नेहमी नम्रता म्हणून वाखाणणी होते. मला त्यात हिशेबही दिसतो. उज्जैन, मथुरा, दिल्ली हे सगळे सनदेवर आलेले आणि सनदेवर जाऊ शकणारे. कोणा पेशव्याला काढून घेता न येणारी त्यांची खरी मालकीची गोष्ट एकच होती, ती कण्हेरखेडची पाटीलकी.

माळव्याची वाटणी

बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडू लागल्या. नोव्हेंबर 1728 मध्ये चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. तो तिथेच मारला गेला. या मोहिमांतून राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि पवार ही नावे वर आली. पुढच्या तीन-चार वर्षांत माळव्याच्या वसुलीचे वाटे ठरले. होळकरांकडे इंदूरची बाजू आली, पवारांकडे धार आणि देवास, आणि शिंद्यांकडे मोगल सुभ्याचे जुने ठाणे, उज्जैन. 1731 च्या सुमारास राणोजींनी आपला मुक्काम तिथे हलवला.

त्यानंतरची त्यांची वर्षे घोड्यावरच गेली. 1737 च्या अखेरीस भोपाळला निजामाची कोंडी झाली, त्यात ते होते. 1739 च्या वसईच्या मोहिमेसाठी ते कोकणात उतरले. 1741 मध्ये बादशहाने माळव्याचा कारभार रीतसर नानासाहेब पेशव्यांना दिला, तेव्हा पेशवे अटी पाळतील म्हणून जे सरदार जामीन राहिले, त्यांत राणोजी होते. चाकर धन्यासाठी जामीन राहतो यातच या सरदारांचे वजन किती वाढले होते ते कळते. 1745 मध्ये शुजालपूरजवळ त्यांचा मृत्यू झाला. तिथे राणोगंजला त्यांची छत्री आहे.

दिवाणाने बांधलेले देऊळ

राणोजी मोहिमांवर असताना उज्जैन चालवले ते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. जातीने शेणवी, हिशेबाला पक्के आणि पुण्याच्या दरबारात वजन राखून असलेले. 1235 च्या सुमारास अल्तमशच्या स्वारीत महाकालेश्वराचे देऊळ उद्ध्वस्त झाले होते. त्याला पाचशे वर्षे झाल्यावर, 1730 च्या दशकात, रामचंद्रबाबांनी ते पुन्हा उभारले. आज दिसणाऱ्या देवळाचा गाभा तोच. भोवतीचा भव्य परिसर अगदी अलीकडचा. उज्जैनच्या सिंहस्थाला आजचे रूप याच काळात मिळाले, असेही परंपरा सांगते.

नव्याने आलेल्या सरदाराला अशा बांधकामाचा काय उपयोग होता हे उघड आहे. तलवारीने वसूल मिळतो. पण क्षेत्राच्या गावात राहायचे, तर तिथल्या देवाच्या नावाशी आपले नाव जोडावे लागते. मध्ययुगीन ड्यूक मठ आणि चर्चे बांधत, त्यामागेही भक्तीइतकाच हा विचार होता.

पाच मुलगे

राणोजींना मैनाबाईंपासून जयाप्पा, दत्ताजी आणि जोतिबा, तर चिमाबाईंपासून तुकोजी आणि महादजी असे पाच मुलगे. त्यांतले चार रणात किंवा मारेकऱ्यांच्या हातून गेले. म्हातारपण बघायला एकटे महादजी उरले.

जोतिबा बुंदेलखंडात ओर्छ्याला दग्याने मारले गेले. थोरले जयाप्पा राणोजींच्या मागे सरदार झाले. मारवाडच्या गादीच्या भांडणात त्यांनी नागौरला वेढा घातला, आणि जुलै 1755 मध्ये बोलणी करायला आलेल्या, मारवाडचा राजा विजयसिंह याच्या माणसांनी छावणीतच त्यांचा खून केला. दत्ताजींनी वेढा उठवला नाही. भावाचे दहन करून लढाई चालू ठेवली आणि मारवाडकडून अजमेर व मोठी खंडणी घेऊनच ते परतले.

सरदारी आली ती जयाप्पांच्या मुलाकडे, जनकोजींकडे. ते वयाने लहान, म्हणून काका दत्ताजी कारभार पाहत. 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी पडले. जखमी होऊन पडलेल्या दत्ताजींनी वाचलो तर आणखी लढू असे शत्रूला सुनावले, ही कथा मराठी घरातल्या पोरासोरांना ठाऊक असते. त्याच लढाईत जनकोजींना गोळी लागली. एक वर्ष आणि चार दिवसांनी पानिपत झाले. तुकोजी तिथे पडले. जनकोजी जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले आणि गुपचूप मारले गेले. वय सोळा-सतराच्या आसपास.

महादजींच्या पायावर घाव बसला आणि ते कायमचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि पुढे मोठ्या फौजेचा सरदार केले.

सात वर्षांचा खोळंबा

पानिपतानंतर शिंद्यांच्या घरात थोरल्या तीन भावांपैकी कोणाचाही वारस उरला नव्हता. युरोपातल्या नियमाने पाहिले तर प्रश्न सोपा होता, जवळचा पुरुष भाऊबंद पुढे यायचा. पुण्यात मात्र तो सुटायला सात वर्षे लागली. तुकोजींचा मुलगा केदारजी याचे नाव पुढे झाले, दूरच्या शाखेतले मानाजी शिंदे ऊर्फ फाकडे यांचेही झाले. पेशव्यांचे काका राघोबादादा यांना स्वतःच्या गोटातला आणि स्वतःच्या ऐकण्यातला सरदार उज्जैनला हवा होता, त्यामुळे भांडण शिंद्यांचे कमी आणि पेशव्यांच्या घरातले जास्त होते. महादजी चिमाबाईंचे, म्हणजे धाकट्या घरातले, हाही मुद्दा विरोधक काढत. अखेर 1768 मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी सरदारी महादजींना दिली.

पाटीलबावा

महादजींचे राजकारण हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथे ठळक टप्पे पुरेत. 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी शाह आलम बादशहा आपल्या राजधानीत परतला. 1779 च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली. मे 1782 मध्ये ग्वाल्हेरजवळ सालबाईला इंग्रज आणि पेशवे यांचा तह झाला तो महादजींच्या मध्यस्थीने. 1784 मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी कारभारी, हे पद पेशव्यांना आणि त्यांची नायबी महादजींना दिली. चार वर्षांनी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पकडून शिक्षा करणारेही महादजीच.

याच 1784 मध्ये त्यांच्या पदरी एक गोरा अधिकारी आला, बेन्वा द बॉयन. गाव शाँबेरी, म्हणजे अमेदे आठव्याची जुनी राजधानी. सॅव्हॉयच्या ड्यूकांचा हा प्रजाजन फ्रेंच आणि रशियन नोकऱ्या करत इकडे पोचला होता. त्याने शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या आणि 1790 मध्ये पाटण व मेडता या दोन लढायांत त्यांनी राजपूत फौजा मोडल्या. द बॉयन मायदेशी परतला तो प्रचंड संपत्ती घेऊन. गावाला त्याने इतका पैसा दिला, की मृत्यूनंतर 1838 मध्ये शाँबेरीकरांनी त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. हत्तींचा फक्त पुढचा अर्धा भाग कोरलेला आहे, आणि मागचा भाग कुठे गेला यावरून गावकरी अजून थट्टा करतात.

1792 मध्ये महादजी पुण्यास आले आणि बादशाही मानमरातब सवाई माधवरावांना अर्पण केले. त्या भेटीत त्यांनी बगलेतून जोड्यांचे गाठोडे काढून, हे आमच्या वडिलांचे काम, असे म्हटल्याची हकीकत इंग्रज लेखकांनी रंगवून सांगितली आहे. समोर पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस बसलेले आणि बाहेर कवायती फौज उभी, हे ध्यानात घेऊन ती नम्रता वाचावी. महादजी कृष्णभक्त होते, ‘माधवविलास’ नावाने त्यांची पदरचनाही आहे. बीडचे मन्सूरशहा हे त्यांच्या घराण्याचे गुरू, आणि ग्वाल्हेरला त्यांचा उरूस शिंदे घराणे सांभाळत आले. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तिथली शिंदे छत्री पुणेकरांच्या परिचयाची आहे.

बाया आणि दत्तक

महादजींना मुलगा नव्हता. तुकोजींचे नातू दौलतराव, आनंदरावांचे चिरंजीव, वयाच्या पंधराव्या वर्षी सरदार झाले. पण दत्तकविधान महादजींच्या हयातीत नीट झाले नव्हते, आणि महादजींच्या विधवा नव्या धन्याविरुद्ध उभ्या राहिल्या. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी त्यांचा छळ केला, तेव्हा लखबादादा लाडांसारखे जुने सेनानी बायांच्या बाजूला गेले. ‘बायांचे बंड’ म्हणून हलक्या सुरात या प्रकरणाचा उल्लेख होतो. खरे तर हा वारसाचा दावा होता, आणि त्याने उत्तरेतली शिंद्यांची फौज दुभंगली.

या दुफळीचा फायदा यशवंतराव होळकरांनी घेतला. 1801 मध्ये त्यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून शहर लुटले. सर्जेरावांनी त्याच वर्षी इंदूर लुटून उट्टे काढले. 1803 च्या युद्धात इंग्रजांकडून हार, 30 डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह, आणि मग 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी कायमची ग्वाल्हेरला हलवली. छावणीचेच शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर.

1827 मध्ये दौलतराव निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई, कागलच्या घाटग्यांची लेक, यांनी दूरच्या शाखेतला अकरा वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला. त्याचे नाव जनकोजी ठेवले. पानिपतावर गेलेल्या जनकोजींची जागा नावाने तरी भरली गेली. राज्य मात्र बायजाबाईंनीच चालवले. 1828 मध्ये काशीला ज्ञानवापीचा मंडप त्यांनीच बांधला. 1833 मध्ये दत्तक मुलाने त्यांना बाहेर काढले. जनकोजी 1843 मध्ये निपुत्रिक गेले. त्यांची विधवा ताराबाई स्वतः कोवळ्या वयाची मुलगी होती. तिने आठ वर्षांचा भगीरथराव दत्तक घेतला, तेच जयाजीराव. त्याच वर्षी 29 डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी दोन लढाया हरून ग्वाल्हेर इंग्रजांच्या मुठीत गेले.

शाँबेरीच्या ड्यूकांचे वंशज असलेले सार्डिनियाचे राजे कार्लो फेलीचे 1831 मध्ये, म्हणजे दौलतरावांच्या चार वर्षांनी, निपुत्रिक वारले. तिथे राणीला काही विचारण्याचा प्रश्नच आला नाही. कारिन्यानो शाखेतला दूरचा भाऊबंद कार्लो अल्बेर्तो गादीवर बसला. ग्वाल्हेरला दूरच्या शाखेतला मुलगा आला तो विधवेच्या मांडीवरून, तिच्या निवडीने आणि कलकत्त्याच्या इंग्रज सरकारच्या मान्यतेने. आपल्या इतिहासात राणीच्या हातात ही एक खरी सत्ता होती, आणि बायजाबाईंनी ती पुरेपूर वापरली.

जयाजीरावांनंतर मात्र गादी रक्ताच्या मुलाकडे गेली: माधवराव (1886 ते 1925) आणि मग जिवाजीराव. माधवरावांनी इंग्लंडच्या राजाच्या नावावरून मुलाला जॉर्ज हे नावही दिले होते. जोतिबा-केदारजीपासून जॉर्ज जिवाजीरावांपर्यंतची ही नामावळी घराण्याचा धनी कसा बदलत गेला ते सांगते. इटलीतले सॅव्हॉयचे राज्य 1946 च्या सार्वमताने संपले. दोन वर्षांनी ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झाले आणि जिवाजीराव त्याचे राजप्रमुख झाले.

उज्जैनमध्ये आज काय दिसते

राजधानी गेली तरी शिंद्यांचे लक्ष उज्जैनवरून हटले नाही. भर बाजारातले गोपाल मंदिर बायजाबाईंचे. त्याचे चांदीचे दरवाजे मूळ सोमनाथचे, असे सांगतात. महाराज सवाई जयसिंहांची वेधशाळा मोडकळीला आली होती. 1923 मध्ये माधवरावांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्विदाकडे सोपवली. शहराबाहेर क्षिप्रेच्या काठी कालियादेह महाल आहे. त्याचीही दुरुस्ती माधवरावांनी केली. उज्जैनचा राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजाने गावात रात्र काढू नये, अशी इथली श्रद्धा आहे, आणि शिंदे महाराज त्यासाठीच बाहेरच्या या महालात उतरत, असे स्थानिक लोक सांगतात. राणोजी आणि दौलतरावांच्या काळात हा नियम इतका कडक असता तर उज्जैन राजधानी कशी राहिली, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. बहुधा राजधानी हलल्यावरच तो पक्का झाला असावा.

मराठी कारभाराची सर्वांत जिवंत खूण महाकालाच्या सवारीत आहे. श्रावणातल्या दर सोमवारी देवाची पालखी नगरातून क्षिप्रेवर जाते. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे पंचांगाने सवारी राखीपौर्णिमेच्या आत संपायला हवी. ती संपत नाही. पुढच्या पंधरवड्यातल्या सोमवारीही पालखी निघते आणि सर्वांत मोठी शाही सवारी बहुधा त्यातच असते, कारण उत्तरेत भाद्रपद लागला तरी अमावस्येपर्यंत मराठी श्रावण चालूच असतो.